शेजार आणि पुरवठा : देवनार-तुर्भे पट्ट्यातील औद्योगिक वायू व तेलउद्योग

१. प्रश्नाचे स्वरूप

मुंबईच्या पूर्व उपनगरांतील देवनार, चेंबूर, माहुल व तुर्भे (ट्रॉम्बे) हा सलग पट्टा औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक नेमका प्रश्न उभा करतो. १९५४ व १९५५ या लागोपाठच्या वर्षांत येथे दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. याच पट्ट्यात, सायन-तुर्भे रस्त्यावर देवनार येथे, प्राणवायू व तत्सम वायूंचा व्यवसाय करणाऱ्या इंडियन ऑक्सिजन कंपनीचे ठाणे होते. तेलउद्योगाला वायू लागतात आणि ते पुरविणारा व्यवसाय हाकेच्या अंतरावर आहे; तेव्हा एकाच्या भरभराटीबरोबर दुसऱ्याचीही भरभराट व्हावी, अशी अपेक्षा स्वाभाविक होय. प्रत्यक्षात शुद्धीकरणाला विपुल प्रमाणात लागणारा वायू कारखान्यांनी आपल्याच आवारात निर्माण केला आणि शेजारच्या व्यवसायाच्या वाट्याला प्रामुख्याने किरकोळ गिऱ्हाइकी आली. असे का झाले, पुढे ही स्थिती कशाने पालटू लागली आणि त्या पालटाचा सार्वजनिक हिताशी काय संबंध पोहोचतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. वायुव्यवसायाचा उगम

औद्योगिक वायूंचा व्यवसाय हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. लंडनमध्ये १८८६ साली ब्रिन बंधूंनी बेरियमच्या संयुगाच्या साहाय्याने हवेतून प्राणवायू काढून विकण्यासाठी कंपनी काढली. तिचेच पुढे ब्रिटिश ऑक्सिजन कंपनीत रूपांतर झाले. जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांनी १८९५ साली हवा मोठ्या प्रमाणावर द्रवरूप करण्याची रीत सिद्ध केली आणि १९०२ साली द्रवरूप हवेच्या ऊर्ध्वपातनाने प्राणवायू वेगळा करून दाखविला. द्रवरूप प्राणवायू उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो, तर नत्रवायू उणे १९६ अंशाला. या तेरा अंशांच्या फरकावर हा सारा उद्योग उभा आहे. त्याचा कच्चा माल, म्हणजे हवा, फुकट मिळतो. खर्च होतो तो मुख्यतः विजेचा आणि वाहतुकीचा.

हिंदुस्थानात या व्यवसायाची संघटित उभारणी १९३५ साली कलकत्ता येथे स्थापन झालेल्या इंडियन ऑक्सिजन अँड ॲसिटिलीन कंपनीने केली. ब्रिटिश ऑक्सिजनची ही शाखा १९५८ मध्ये इंडियन ऑक्सिजन या नावाने, १९९५ पासून बीओसी इंडिया म्हणून व २०१३ पासून लिंडे इंडिया म्हणून ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात १९६३ साली पुण्यास इंडस्ट्रियल ऑक्सिजन कंपनी निघाली. १९९९ साली अमेरिकेतील एअर प्रॉडक्ट्सने तिच्यात निम्मी भागीदारी घेतली व आजची आयनॉक्स एअर प्रॉडक्ट्स उदयास आली. मुंबईतच १९६० साली बॉम्बे ऑक्सिजन कॉर्पोरेशन स्थापन झाले होते. या सर्व कंपन्यांची प्रारंभीची गिऱ्हाइके साधारणपणे एकाच वर्गातली होती: रेल्वेच्या कार्यशाळा, गोद्या, यंत्रांचे कारखाने आणि रुग्णालये. लोखंड कापणे व सांधणे हे वायूचे मुख्य काम होते आणि त्याचे माप सिलिंडरच्या संख्येत होत असे.

३. तेलाचे आगमन

स्वातंत्र्यानंतर देशात दिग्बोई (१९०१) खेरीज नाव घेण्याजोगा शुद्धीकरण कारखाना नव्हता. १९५१ च्या अखेरीस भारत सरकारने स्टॅन्व्हॅक व बर्मा-शेल या परदेशी कंपन्यांशी करार केले. कारखान्यांचे पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण होणार नाही, अशी हमी त्यांत होती. स्टॅन्व्हॅकचा कारखाना १९५४ च्या जुलैत आणि बर्मा-शेलचा १९५५ च्या जानेवारीत सुरू झाला. तुर्भे-माहुलची निवड होण्यामागे बंदराचे कारण होते: बुचर बेटाजवळ (जवाहर द्वीप) तेलवाहू जहाजे लावून समुद्राखालील नळांनी कच्चे तेल किनाऱ्यावर आणता येत होते. १९६५ च्या सुमारास फर्टिलायझर कॉर्पोरेशनचा खत कारखाना शेजारीच उत्पादन करू लागला आणि शुद्धीकरण कारखान्यांतून मिळणारा नाफ्था त्याचा कच्चा माल बनला. १९७४ साली मुंबईच्या समुद्रात तेल सापडले, १९७६ मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले आणि या पट्ट्याला स्वदेशी तेल व वायू मिळू लागले. दरम्यान १९७४ साली एस्सोचा (पूर्वीच्या स्टॅन्व्हॅकचा) व १९७६ साली बर्मा-शेलचा कारभार सरकारकडे आला. त्यांतूनच आजच्या हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या कंपन्या घडल्या.

या उभारणीत वायुव्यवसायाला काम मिळाले नाही असे नव्हे. नळ, टाक्या आणि मनोरे यांचे शेकडो सांधे जोडावयाचे म्हटल्यावर प्राणवायू व ॲसिटिलीन लागणारच. परंतु ही मागणी बांधकामाबरोबर येते आणि बांधकामाबरोबर ओसरते. नंतर उरते ती वार्षिक दुरुस्तीपुरती. कारखाना चालू असताना लागणाऱ्या वायूंचे स्वरूप निराळे असते. टाक्या व नळ ज्वालाग्राही बाष्पापासून सुरक्षित राखण्यासाठी नत्रवायू लागतो आणि तेलातील गंधक काढण्यासाठी, तसेच जड तेलाचे हलक्या तेलात रूपांतर करण्यासाठी, हायड्रोजन लागतो. त्या काळी गंधकाविषयी कायदा उदार होता, त्यामुळे हायड्रोजनची गरज बेताची होती. पेट्रोलची प्रत वाढविण्यासाठी ज्या कारखान्यात नाफ्थ्यावर उत्प्रेरकी प्रक्रिया केली जाते तेथे हायड्रोजन आपोआपच निर्माण होतो. त्यावर बरेचसे भागत असे. खत कारखान्याला हायड्रोजन प्रचंड प्रमाणात लागे. तथापि अमोनियाच्या निर्मितीत हायड्रोजन तयार करणे ही पहिलीच पायरी असल्याने तो विकत घेण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

४. वजनाचे गणित

शेजारच्या पुरवठादाराला हे क्षेत्र का मिळाले नाही, याचे उत्तर केवळ गिऱ्हाइकाच्या धोरणात शोधून चालणार नाही. ते वायूच्या वजनात आहे. सात घनमीटर प्राणवायू मावणाऱ्या नेहमीच्या पोलादी सिलिंडरमध्ये जेमतेम नऊ-दहा किलोग्रॅम वायू असतो, आणि सिलिंडरचे स्वतःचे वजन त्याच्या पाच-सहा पट भरते. म्हणजे मालमोटार वायूपेक्षा पोलादच अधिक वाहते, आणि परतताना तर केवळ पोलाद. हायड्रोजनच्या बाबतीत हे गणित अधिकच विपरीत होते. तेवढ्याच सिलिंडरात हायड्रोजन सुमारे ६०० ग्रॅम मावतो. ज्या संचाला ताशी एक टन हायड्रोजन हवा, त्याला सिलिंडरांनी पुरवठा करावयाचा तर दर तासाला सुमारे १६०० सिलिंडर लागतील.

प्राणवायू व नत्रवायू द्रवरूपात नेल्यास स्थिती बरीच सुधारते, कारण एक लिटर द्रव प्राणवायूपासून सुमारे ८६० लिटर वायू मिळतो. परंतु त्यासाठी द्रवीकरणाची वीज व शीतटाक्यांचे भांडवल खर्चावे लागते, आणि अंतर वाढेल तसा नफा आटत जातो. हायड्रोजन उणे २५३ अंशांवर द्रवरूप होतो. त्याचे द्रवीकरण आणखी खर्चाचे. सारांश, गरज अल्प असेल तर सिलिंडर, मध्यम असेल तर द्रव, आणि विपुल व अखंड असेल तर गिऱ्हाइकाच्या भिंतीला लागून संच व मधून नळ, अशी या व्यवसायाची तीन पायऱ्यांची रचना आहे. देवनारचे अंतर पहिल्या दोन पायऱ्यांना सोयीचे होते. तिसऱ्या पायरीसाठी नुसते अंतर पुरत नाही. तेथे गिऱ्हाइकाने आपला संच न उभारता दुसऱ्याच्या संचावर दीर्घ मुदतीने विसंबण्यास तयार व्हावे लागते. प्रथम परदेशी कंपन्यांची आणि राष्ट्रीयीकरणानंतर सार्वजनिक उपक्रमांची रीत अशी होती, की आवारातील प्रत्येक उपयुक्त सोय स्वतःच्या मालकीची असावी. ज्या देशात वीज व सुटे भाग यांचा भरवसा नसे, तेथे ही रीत अविचारी म्हणता येणार नाही.

५. गंधक आणि कायदा

हा समतोल ढळला तो बाजारपेठेमुळे नव्हे, कायद्यामुळे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी डिझेलमध्ये वजनी १ टक्का, म्हणजे दशलक्ष भागांत १०,००० भाग गंधक चालत असे. भारत टप्पा २ मध्ये ही मर्यादा ५०० भागांवर, टप्पा ३ मध्ये ३५० वर आणि टप्पा ४ मध्ये ५० वर आली. पाचवा टप्पा गाळण्याचा निर्णय २०१६ साली झाला आणि १ एप्रिल २०२० पासून साऱ्या देशात टप्पा ६ लागू होऊन मर्यादा १० भागांवर आली. गंधक काढण्याचा रूढ मार्ग म्हणजे त्याचा हायड्रोजनशी संयोग घडवून आणणे. सबब गंधकाची मर्यादा जसजशी उतरत गेली तसतशी हायड्रोजनची गरज चढत गेली. माहुल येथे भारत पेट्रोलियमने या शतकाच्या पहिल्या दशकात हायड्रोक्रॅकर संच उभारला तो याच प्रवाहात.

आता हायड्रोजन हा उपउत्पादनाचा विषय उरला नाही. तो स्वतंत्र भांडवली निर्णयाचा विषय झाला. येथेच वायुपुरवठादारांना तिसऱ्या पायरीचे दार उघडले. भारत पेट्रोलियमच्या कोची कारखान्यासाठी हायड्रोजन, नत्रवायू व प्राणवायू यांचे संकुल स्वतःच्या भांडवलाने बांधून, स्वतःच्या मालकीत ठेवून चालविण्याचा करार एअर प्रॉडक्ट्सने २०१३ साली केला. ज्या कंपनीचा जुना कारखाना माहुल येथे आहे तिनेच दुसऱ्या ठिकाणी ही पद्धत पत्करली, ही गोष्ट लक्षणीय होय. याचे एक कारण असे संभवते की कोचीला विस्तारासाठी जागा व एकरकमी नवी मागणी होती; माहुल मात्र वस्ती, खाडी व अन्य कारखाने यांनी वेढलेले आहे. पुरवठादाराची वाढ जुन्या शेजारात न होता नव्या विस्तारात होते, असा याचा अर्थ आहे.

दाट वस्तीतील मर्यादा केवळ जागेची नसते. ८ ऑगस्ट २०१८ रोजी माहुलच्या कारखान्यात हायड्रोक्रॅकर विभागात स्फोट होऊन आग लागली व चाळिसांहून अधिक जण जखमी झाले. हायड्रोजन उच्च दाबाखाली वापरणाऱ्या प्रत्येक संचाची ही काळजी आहे. मग तो संच कारखान्याचा असो वा बाहेरच्या पुरवठादाराचा. कराराने मालकी बदलते, शेजाऱ्यांचा धोका बदलत नाही. जबाबदारीची वाटणी मात्र अधिक गुंतागुंतीची होते, आणि ती करारपत्रात आधीच नि:संदिग्ध झाली पाहिजे.

६. २०२१ ची कसोटी

वायूचा पुरवठा हा दोन कंपन्यांमधील खासगी व्यवहार आहे, ही समजूत एप्रिल २०२१ मध्ये पार कोसळली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत वैद्यकीय प्राणवायू कमी पडला, तेव्हा १९ एप्रिल रोजी नवी मुंबईतील कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याकडे निघाली. मुंबईसारख्या औद्योगिक महानगराला लागूनच असलेल्या स्थानकातून प्राणवायूसाठी पूर्व किनाऱ्याला गाडी धाडावी लागावी, यात त्या व्यवसायाची सारी रचना उघडी पडली. देशातील मोठे वायुविभाजन संच पोलादाच्या व तेलाच्या कारखान्यांना जोडून होते. जामनगर येथील रिलायन्सच्या तेलसंकुलातील प्राणवायूही या वेळी रुग्णालयांकडे वळविण्यात आला. तो दररोज १००० टनांहून अधिक असल्याचे त्या कंपनीने जाहीर केले. गिऱ्हाइकाच्या भिंतीला जोडलेला संच शांततेच्या काळात एकाच मालकाची सेवा करतो. परंतु त्याच्यापाशी द्रवीकरणाची व टाक्या भरण्याची सोय असेल तर तो संकटकाळी समाजाचा साठा होऊ शकतो.

याच महिन्यात आणखी एक प्रकार घडला. बॉम्बे ऑक्सिजनने २०१९ च्या ऑगस्टपासून वायूचा व्यवसाय सोडून गुंतवणुकीचा धरला होता. तरीही नावात ‘ऑक्सिजन’ आहे एवढ्यावरच तिच्या समभागांचा भाव झपाट्याने चढला. शेअरबाजाराला नाव दिसले. त्यामागचा संच केव्हाच थांबला होता.

७. निष्कर्ष

या इतिहासावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, तेलउद्योगात वायुपुरवठादाराला मिळणारी संधी अंतरावर अवलंबून नसून मागणीचे प्रमाण, तिचे सातत्य आणि गिऱ्हाइकाची परावलंबन पत्करण्याची तयारी यांवर अवलंबून असते. दुसरी, या मागणीला सर्वांत मोठी चालना इंधनाच्या शुद्धतेविषयीच्या कायद्याने दिली. तिसरी, पुरवठ्याचा संच कोणाच्या मालकीचा आहे यापेक्षा त्यातील किती वायू बाहेर काढता येतो व धोक्याचा भार कोण वाहतो, हे प्रश्न समाजाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहेत.

४ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमता हे त्याचे उद्दिष्ट आहे. नैसर्गिक वायूपासून वाफेच्या साहाय्याने एक टन हायड्रोजन काढताना नऊ ते दहा टन कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. त्याऐवजी पुनर्नवीकरणीय विजेने पाण्याचे विघटन करावे, असा हा विचार. शुद्धीकरण कारखाने हे या हायड्रोजनचे स्वाभाविक गिऱ्हाईक होत, आणि वायुपुरवठादारांना पुन्हा एक संधी समोर दिसत आहे. पूर्वी गंधकाच्या कायद्याने जे केले ते आता कर्बाच्या कायद्याला करावे लागेल; तो किती काटेकोर होतो यावर मागणीचे आकारमान ठरेल. देवनार-तुर्भे पट्ट्यात नव्या संचांना जागा अल्प आणि वस्ती दाट आहे. तेव्हा येथील पुढचा करार लिहिणाऱ्यांनी दर व मुदत यांच्या बरोबरीने दोन कलमे अवश्य घालावीत: आपत्तीच्या वेळी किती वायू द्रवरूपात बाहेर द्यावयाचा, आणि अपघाताच्या वेळी भिंतीपलीकडच्या वस्तीला कोण उत्तरदायी राहील. या दोन कलमांवाचून होणारी वाढ ही पुरवठादाराची वाढ ठरेल. तिला या पट्ट्याची वाढ म्हणता येणार नाही.