पाच जिनसांचे पेय

लिंबाचा रस, साखर, पाणी, चिमूटभर मसाला आणि कडक दारू ही जुळणी प्रथम कोणी केली, याचा शोध घेऊ लागले की जुनी कागदपत्रे आपल्याला युरोपातील एखाद्या राजवाड्यात नेत नाहीत. ती आणून सोडतात हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर: सुरतेला, गोव्याला, मच्छलीपट्टणच्या आसपास. हे सांगण्यास निमित्त घडले ते नागपुरातच. रामदासपेठेतील एका कुटुंबात नाताळच्या भेटीस गेलो असता, रेल्वेच्या नोकरीत असलेल्या थोरल्या मुलाने बर्फ, लिंबे व साखरेचा पाक मांडून व्होडकाचे एक आंबटगोड पेय तयार केले आणि मोठ्या अभिमानाने सांगितले, ‘‘फादर, हे अगदी अमेरिकन आहे. लेमन ड्रॉप.’’ त्याची आजी मूळची वसईकडची. ती कोपऱ्यातून म्हणाली, ‘‘अमेरिकन कसलं रे बाबा? आमच्याकडे लग्नात खिमाड करीत ते काय होतं मग?’’ आजी व नातू या दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. मात्र कोणाच्या बोलण्यात किती, हे ठरविण्यासाठी चार शतके मागे जावे लागते.

नातवाची बाजू आधी सांगतो, कारण ती थोडक्यात संपते. लेमन ड्रॉप हे नाव लिंबाच्या स्वादाच्या गोळीवरून पडले आणि त्या पेयाचे जनकत्व सॅनफ्रान्सिस्को शहरातील ‘हेन्री आफ्रिकाज’ या मद्यगृहाचा मालक नॉर्मन हॉबडे याला देण्यात येते. काळ १९७० नंतरचा. व्होडका ही तर पोलंड-रशियाची. अमेरिकेत तिचा खप वाढला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. तिला रंग नाही, स्वतःची म्हणावी अशी चव जवळजवळ नाही, म्हणून कोणत्याही रसात ती निमूटपणे मिसळते. पेल्याच्या काठाला साखर लावण्याची शोभा सोडली, तर त्या पेयात नवीन असे एवढेच.

आता जुनी बाजू. सप्टेंबर १६३२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट अॅडम्स नावाच्या माणसाने पूर्व किनाऱ्यावरील आपल्या सहकाऱ्यास एक पत्र लिहिले. त्यात ‘पंच’ या पेयाचा उल्लेख ओझरता, सहज ओळखीची वस्तू असावी तसा येतो. इंग्रजी लेखनातील हा त्या शब्दाचा सर्वांत जुना उल्लेख मानला जातो. सहा वर्षांनी, १६३८ साली, मांडेल्स्लो नावाचा एक तरुण जर्मन प्रवासी सुरतेच्या इंग्रज वखारीत उतरला. त्याने दिलेले वर्णन मला या सर्व इतिहासातील सर्वांत बोलके वाटते. दर शुक्रवारी प्रार्थना आटोपली की वखारीचा अध्यक्ष मेथवल्ड आणि त्याचे तीन आप्त व्यापारी एकत्र जमत. त्यांनी बायकांना इंग्लंडात सोडून प्रस्थान ठेवले तो वार शुक्रवार होता. म्हणून त्या दिवशी ते दूर राहिलेल्या पत्नींच्या नावाने पेला उंचावीत. कोणी स्पेनची वाइन घेई, कोणी ‘पालेपुंत्झ’ घेई. दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर ही त्याची घटकद्रव्ये. काही जण झेपेल त्याहून अधिक घेत, हेही तो नमूद करतो. घरापासून सहा-सात महिन्यांच्या समुद्रप्रवासाएवढे दूर असलेल्या माणसांचा हा शुक्रवार वाचताना हसू येत नाही.

यानंतर प्रवाशांच्या वृत्तांतांतून हे पेय वारंवार भेटते. बुलाय-ल-गूझ या फ्रेंच प्रवाशाने १६५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याचे नाव ‘बोलेपोंज’ असे आहे आणि त्यात साखर, लिंबाचा रस, दारू, जायपत्री यांच्या जोडीला चक्क भाजलेले बिस्कीट आहे. औरंगजेबाच्या दरबारी राहिलेला बर्निये हा वैद्य बंगालमधील वर्णन देतो: काळ्या गुळाची दारू, लिंबाचा रस, पाणी व वर किंचित जायफळ. वैद्यच तो, म्हणून पुढे असेही लिहितो की, इंग्रज व डच कंपन्यांनी आपल्या खलाशांना या पेयाचा अतिरेक करण्यास बंदी केली, तेव्हापासून त्यांच्यातील आजार व मृत्यू कमी झाले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे डॉक्टर जॉन फ्रायर. हा इंग्रज वैद्य १६७२ नंतरची काही वर्षे मुंबई, सुरत, कारवार, गोवा या पट्ट्यात हिंडला. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्या काळात तो या भागात होता. १६९८ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात गोव्यातील नेरूळ या गावाचे नाव येते. बार्देश तालुक्यात, आग्वादच्या किल्ल्याजवळ खाडीकाठी हे गाव आजही आहे. उत्तम अरक नेरूळला निघते आणि तिच्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज शक्तिपात करणारे ‘पॉंच’ नावाचे पेय करतात, असे तो म्हणतो. हा शब्द हिंदुस्थानी भाषेत ‘पाच’ या अर्थाचा असून पाच द्रव्ये पडतात म्हणून ते नाव, असा खुलासाही तोच करतो.

हा खुलासा आपल्याला गोड वाटणे साहजिक आहे. पंचामृत, पंचगव्य, पंचपक्वान्न यांत वाढलेल्या मराठी मनाला पाचांची जुळणी ओळखीची आहे. तथापि भाषाशास्त्रज्ञ अजून पुरते राजी नाहीत. त्यांचा पहिला आक्षेप उच्चाराचा: सतराव्या शतकात इंग्रज या शब्दातील स्वर ‘पुंच’ असा, उकाराकडे झुकणारा म्हणत असावेत; मांडेल्स्लोचे ‘पुंत्झ’ त्याचीच साक्ष देते. दुसरा आक्षेप मोजणीचा: सुरतेच्या पेयात चारच जिनसा आहेत, बर्नियेच्याही चारच. काही जण दारूच्या पिंपासाठी असलेल्या ‘पंचन’ या इंग्रजी शब्दाकडे बोट दाखवितात. मला स्वतःला फ्रायरचे म्हणणे अधिक पटते, कारण तो किनाऱ्यावर राहून, ऐकून लिहीत होता. परंतु पटणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. शब्दाचे काही असो, वस्तू येथली होती याबद्दल वाद नाही. ताड-माडाची दारू, उसाची साखर, लिंबू व मसाला हे चारही पदार्थ एकाच बाजारात स्वस्त मिळावेत, अशी जागा तेव्हा इंग्लंडात नव्हती. (आपल्या लग्नसमारंभांत हल्ली ‘फ्रूट पंच’ म्हणून लाल पाणी फिरते, त्यात अरकही नसते आणि बहुधा लिंबूही नसते.)

‘अरक’ हा शब्दही थोडे थांबून पाहण्याजोगा आहे. अरबी भाषेत ‘अरक’ म्हणजे घाम. भट्टीवरच्या भांड्यातील वाफ थंड होऊन थेंबाथेंबाने गळते, तिला घामाची उपमा दिली गेली. आपल्या घरातला ओव्याचा अर्क त्याच कुळातला. पवित्र शास्त्रातील द्राक्षारस हा आंबवून केलेला. भट्टीची कडक दारू त्या काळच्या लोकांना ठाऊक नव्हती. युरोपात ही विद्या रुजली ती बाराव्या शतकापासून पुढे. काना गावच्या लग्नाचा दाखला देऊन व्होडकाचे समर्थन करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

आजीचे खिमाड मात्र या पंचाचे निकटचे नातेवाईक म्हणता येईल. मुंबई-ठाणे-वसई पट्ट्यातील ईस्ट इंडियन समाजात लग्नाच्या वेळी गावठी दारूत साखर, दालचिनी, लवंग असे मसाले घालून ते उकळीत आणि लहान पेल्यातून पाहुण्यांना देत. लिंबू त्यात महत्त्वाचे नाही, मसाला महत्त्वाचा. या घरगुती परंपरेला पहिला तडाखा बसला तो १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. झाडावर कर बसला, भट्ट्या मक्तेदाराच्या हाती गेल्या, आणि जे घरच्या माडावरून उतरत होते ते दुकानातून विकत घ्यावे लागले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात गेल्यावर पुढे तो इकडेही लागू झाला. कायदा करताना मिस्साबलिदानाच्या द्राक्षारसाची सोय ठेवण्यात आली होती. बाकी समाजाला परवाना! तो कायदा, नाव बदलून का होईना, महाराष्ट्रात अद्याप आहे. दारू बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो आणि कडक दारूसाठी वयाची अट पंचवीस वर्षांची आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊकही नसते.

दारूबंदीच्या वर्षांनी ख्रिस्ती समाजाचे एक विशेष नुकसान केले. चोरट्या दारूचा गुत्ता चालविणारी ‘आंटी’ आणि झिंगलेला ‘डिकास्टा’ ही पात्रे हिंदी चित्रपटांनी घरोघर पोहोचविली. शाळा, दवाखाने, रेल्वे, तारखाते यांत आयुष्य वेचलेल्या समाजाची ओळख बाटलीने व्हावी, याचा राग मला अजून येतो. परंतु रागावून भागत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे माझ्या धर्मग्रामात आहेत. रात्री दार ठोठावून बोलावलेले प्रसंग आहेत. त्यांची संख्या चित्रपटांनी वाढविलेली नाही.

म्हणूनच त्या तरुणाच्या पेयाकडे मी जरा बारकाईने पाहिले. त्याची कृती चांगली होती, हे मान्य केले पाहिजे. समभाग साखर व पाणी गरम करून त्याने पाक केला होता. लिंबाची साल वरच्यावर किसून साखरेत चोळून ठेवली होती. जुने पंच करणारेही साखरेचा खडा सालीवर घाशीत, कारण सुवास सालीच्या तेलात असतो, रसात नव्हे. पांढरा भाग किसला गेला तर कडूपणा येतो. प्रमाण असे: व्होडका ६० मिलिलिटर, ताजा रस २५, पाक २५. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात बर्फासह जोराने हलवून त्याने ते गाळून दिले.

आता हिशेब करू. आपल्याकडील व्होडकात मद्यार्क ४२.८ टक्के असतो. ६० मिलिलिटरमध्ये तो भरतो सुमारे २० ग्रॅम. अनेक देशांचे वैद्यक ज्याला एक माप समजते त्याची ही दोन मापे. इतकी व्होडका नुसती प्यायला दिली तर नवखा माणूस पहिल्या घोटालाच तोंड वाकडे करील. लिंबू आणि साखर यांनी तो इशाराच पुसून टाकला जातो. सरबत समजून एका घोटात संपते, आणि दुसरा पेला पहिल्याचा परिणाम जाणवण्याआधीच हातात येतो. सुरतेच्या वखारीत हेच घडत होते. बर्नियेच्या खलाशांचेही हेच झाले. मी त्याला सुचविले की व्होडका निम्म्यावर आण, रस व पाक तेवढाच ठेव, थंड पाणी वाढव आणि वर जायफळ उगाळून घाल. म्हणजे पाच जिनसा तरी पुऱ्या होतील. त्याने तसे करून पाहिले. आजीला लिंबू, पाक, पाणी व जायफळ एवढेच दिले. तिने सुंठ मागून घेतली.

एक बारीकसा फरक राहिला. अमेरिकेत वापरतात ते पिवळे, जाड सालीचे लेमन. आपले कागदी लिंबू वेगळ्या जातीचे, लहान, पातळ सालीचे व अधिक आंबट. तेव्हा परदेशी पुस्तकातील प्रमाण जसेच्या तसे घेतल्यास पाक थोडा वाढवावा लागतो. रस त्याच दिवशी पिळावा. रात्रभर ठेवलेल्या रसाला कडवट चव येते. आणि हे सारे डिसेंबरात करावे हे बरे, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात, हस्त बहाराची फळे थोडी व मागणी फार म्हणून, लिंबे महागतात.