परिचारिकेचा शीण

छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयास गांवचे लोक ‘घाटी’ या एकाच शब्दानें ओळखतात. त्याचें वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालीं निघालें. मराठवाड्याच्या दूरदूरच्या खेड्यांतून रोगी येथें येतात. अशा कोठल्याहि मोठ्या रुग्णालयांत औषध डॉक्टर ठरवितात, खाटा किती हें सरकार ठरवितें. रात्रीं नातेवाइकांचा राग मात्र प्रथम परिचारिकेवर निघतो. या स्थितीचें मूळ पाहावयाचें तर थोडें मागें, पुण्यास गेलें पाहिजे.

१९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें पुण्यांत सेवासदन निघालें, आणि पुढें तेथील स्त्रिया ससून रुग्णालयांत शुश्रूषेचें शिक्षण घेऊं लागल्या. परपुरुषाच्या अंगास हात लावणें, वाटेल त्या जातीच्या रोग्याचा मळ काढणें, रात्रीं घराबाहेर राहणें हें सारें त्या वेळच्या पांढरपेशा घरांस अब्रह्मण्यम् वाटे. एका समारंभांत केशवपन केलेली विधवा विद्यार्थिनी बक्षीस घेण्यास आली तेव्हां सुशिक्षित म्हणविणाऱ्या तरुणांनीं तिची टर उडविली, व रमाबाईंनीं त्यांस भर सभेंत खडसावलें, अशी हकीकत सांगतात. ती टवाळी कालांतरानें ओसरली. तिची जागा ‘सेवा’ या शब्दानें घेतली, आणि आम्हांस हा शब्द अधिक अवघड वाटतो. टवाळीस उत्तर देतां येतें. पूजेस काय उत्तर द्यावें? सेविकेनें पगार, रजा किंवा झोप मागणें म्हणजे जणूं व्रतभंगच!

१९४६ च्या भोर समितीनें हिशेब मांडला: आपल्याकडे सुमारें ४३,००० माणसांमागें एक परिचारिका, तर इंग्लंडांत ३०० मागें एक. १९५४ सालीं शेट्टी समितीनें त्यांच्या नोकरीच्या अटींचा विचार केला. १९८७ सालीं त्याच कामास आणखी एक उच्चाधिकार समिती नेमावी लागली.

शिणाचें शास्त्र मात्र मागाहून आलें. कामानें माणूस आंतून जळून रिता होतो, त्या अवस्थेचें वर्णन १९७४ सालीं फ्रॉयडेनबर्गर यांनीं केलें. १९७९ सालीं कॅरासेक यांनीं दाखविलें कीं, काम भारी असून त्यावर आपला ताबा नसेल तर शीण व उदासीनता बळावते. ठरविण्याची मुभा असल्यास तितकेंच काम पुष्कळ सोसतें. आपल्या घरांतील धाकट्या सुनेस हें शिकवावें लागणार नाहीं. कष्ट सासूचे नि तिचे सारखे असले, तरी किल्ल्या सासूच्याच कमरेला असतात. वॉर्डांतील किल्ल्या त्या कोणत्या? रात्रपाळीचा तक्ता कोण लावतो, रजा कोण देतो, माणसें कमी पडल्यास जाब कोणाला विचारतात? यांपैकीं तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत तेवढें परिचारिकेचें नांव येतें.