हिवतापातले हिम

गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडे ‘हिवताप’ म्हटले की डास आठवतो, हिमालय नव्हे. शब्द मात्र तोच. ग्रामाचे गाव झाले, नामाचे नाव झाले, तसे हिमाचे हिंव. हिवाळा हा ‘हिमकाल’ असावा. फारसी ‘जमिस्तान’, रशियन ‘झिमा’, लॅटिन ‘हिएम्स’ हे सगळे याच घराण्यातले आणि सगळ्यांचा अर्थ थंडीचा ऋतू. तेव्हा हुडहुडी भरवणाऱ्या तापाला हिवताप म्हणणारी मराठी मूळ अर्थाच्या अधिक जवळ राहिली असे दिसते.

‘बर्फ’ आला फारसीतून. अवेस्तेत तो ‘वफ्र’ आहे. पुढे अक्षरांनी जागा बदलल्या, आपल्याकडे नुकसानाचे ‘नुस्कान’ होते तशा. ‘वफ्र’शेजारी संस्कृत ‘वप्र’, म्हणजे मातीचा उंचवटा, ठेवून पाहावा. दोन्हींच्या मुळाशी ‘वप्’, विखरून टाकणे, असावा. मराठी ‘वाफा’ही ‘वप्रा’चाच असावा. तसे असेल तर गडचिरोलीच्या धानपट्ट्यातला वाफा आणि गुलमर्गचा बर्फ चुलतभाऊ ठरतात!

2018 च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुले एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. तिथल्या ज्या संकटाची धास्ती असते त्याला मराठीत दोन नावे आहेत, हिमप्रपात आणि हिमस्खलन. मला दुसरे नेमके वाटते. ‘पत्’ म्हणजे पडणे, ‘स्खल्’ म्हणजे पाय घसरणे. ताजा बर्फ पडला की त्याचा भार खालच्या जुन्या थरांवर येतो. त्यांतला एखादा ठिसूळ असला की वरची अख्खी लादी सुटते, तीही बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर. ताज्या बर्फावर स्की करायला निघालेल्या माणसाचे वजनही तेवढ्याला पुरते. आधी घसरणे, कोसळणे मागाहून. धातूने क्रम बरोबर पकडला आहे.

या ‘स्खल्’चे घरगुती वंशज कोणते? ‘अस्खलित’ आहेच, पण तो संस्कृताच्या सोवळ्यातला. ‘डोळ्यांचे पाणी खळेना’ यातले ‘खळणे’ मात्र तद्भव दिसते. प्राकृतात ‘खलइ’ म्हणजे अडखळतो. मग घसरण्याचा अर्थ थांबण्याकडे कसा वळला? मधली पायरी ‘अडखळणे’ या शब्दातच असावी. ठेच लागलेला माणूस क्षणभर थबकतो आणि मराठीने घसरणे सोडून ते थबकणे उचलले. बर्फाच्या लादीला ही पायरी ठाऊक नाही. ती एकदा स्खलली की खळत नाही.