अरुंद जागेतले फुलझाड : नवी मुंबईपुरती निवड

थंड देशांत अरुंद अंगणासाठी फुलझाड निवडताना शोभेच्या रानसफरचंदाचा विचार आधी होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानाने 1987 मध्ये बाहेर आणलेली ‘ॲडिरॉन्डॅक’ ही जात त्यांत नावाजलेली आहे. तिच्या फांद्या वर उठलेल्या असतात, घेर आटोपशीर आणि फुले पांढरी. नवी मुंबईत मात्र तिचा उपयोग नाही. या झाडांच्या कळ्या जाग्या होण्यासाठी सुमारे सात अंशांखालच्या थंडीचे शेकडो तास लागतात आणि वाशी-नेरुळचा पारा जानेवारीतही तिथवर उतरत नाही. तेव्हा इथल्या जागेला इथलेच झाड शोधले पाहिजे.

1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठचे हे शहर आखले गेले. त्याचा बराच भाग मिठागरांवर, भातशेतीवर आणि दलदलीवर भराव घालून उभा राहिला. वर मुरूम, खाली चिकण खारी माती. जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आणि त्याबरोबर नैर्ऋत्येचा वारा. सोसायटीची इमारत आणि कुंपणभिंत यांच्या मधल्या पट्टीत ऊन दिवसाचे थोडेच तास पोहोचते आणि तिथूनच जलवाहिनी व मलवाहिनी जातात. म्हणून झाडाचा घेर ही एकच कसोटी धरणे चूक आहे. मुळांना मिळणारी माती, पाण्याचा निचरा, ऊन आणि खोडाची वाऱ्यापुढची ताकद हे सगळे एकत्र तपासावे लागते.

या कसोटीवर सर्वांत लोकप्रिय झाड पहिल्यांदा घसरते. लोंबत्या फांद्यांचा आसुपालव, ज्याला आपण सर्रास अशोक म्हणतो, तो खरोखर अरुंद आणि सदाहरित आहे. पण त्याची फुले बारीक, हिरवट, पानांत हरवणारी. पडदा हवा असेल तर तो लावावा, फुलझाड म्हणून नव्हे. बुचाचे झाडही उंच आणि सडपातळ, शरदात त्याच्या पांढऱ्या सुगंधी फुलांचा सडा पडतो. तरीही इमारतीला खेटून मी ते कधीच सुचवणार नाही. त्याचे लाकूड ठिसूळ असते, वादळी वाऱ्यात फांद्या मोडतात आणि मुळांतून फुटवे निघत राहतात. सार्वजनिक उद्यानाच्या मोकळ्या कडेला ते शोभते.

सावलीच्या पट्टीसाठी माझी पसंती निःसंशय सीतेच्या अशोकाला. सह्याद्रीतल्या ओढ्यांकाठी मोठ्या झाडांच्या छायेत वाढणारे हे झाड कमी उजेड सोसते, सावकाश वाढते आणि बहुधा आठ-नऊ मीटरांपर्यंतच जाते. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास जुन्या फांद्यांवरच केशरी गुच्छ फुटतात, त्यामुळे कोवळी टोके छाटली तरी बहर पुरता जात नाही. सालीसाठी झालेल्या बेसुमार तोडीने ते रानात दुर्मीळ होत आहे. शहराने त्याला आसरा द्यावा असे मला मनापासून वाटते. त्याला ओल लागते, म्हणून पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी चुकवू नये.

जिथे ऊन भरपूर आहे, तिथे कलमी सोनचाफा. बियांपासूनचे झाड फार मोठे होते आणि फुलायला वर्षे घेते. सिंधुदुर्गातून पसरलेल्या वेलणकर जातीची कलमे लवकर फुलतात आणि छाटून आटोक्यात राहतात. मात्र तुंबलेले पाणी चाफ्याला मारते. ऊन आहे पण पाणी साचते, अशा ठिकाणी ताम्हण लावावी. महाराष्ट्राचे हे राज्यफूल कोकणातल्या वहाळांकाठचे आहे, पाय ओले राहिलेले तिला चालतात. लहानपणी एकच खोड राखून खालच्या फांद्या काढल्या तर ती सरळ वर जाते.

झाड भिंतीपासून निदान दोन मीटर दूर असावे आणि बुंध्याभोवती सर्व बाजूंनी एक मीटर जमीन काँक्रीटविना राहावी. अग्निशमन दलाच्या गाडीची वाट अडता कामा नये. चुकीचे झाड पुढे काढायचे तर 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, म्हणून विचार आधी करावा. रोपवाटिकेत जाण्यापूर्वी जागेवर हातभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे दिसले, तर सोनचाफा आणू नका.