तलवार आणि मंत्र

एकाच माणसाने तलवारही चालवावी आणि मंत्रही म्हणावा, ही हौस फार जुनी आहे. परशुराम, द्रोणाचार्य, कृपाचार्य, अश्वत्थामा ही सगळी त्याच वाटेची माणसे. आजकालची मुले संगणकावर जे भूमिकेचे खेळ खेळतात, त्यांतही ही हौस जशीच्या तशी उतरली आहे. फरक इतकाच, की तिथे या हौसेची किंमत आकड्यांत मोजतात. ती किंमत पन्नास वर्षांत कशी बदलत गेली, हे मला इतिहासाच्या एखाद्या प्रकरणाइतके रंजक वाटले.

या खेळांचे मूळ संगणकात नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. कागद, पेन्सिल आणि फासे एवढेच सामान. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे आणि त्याच्या नावाने साहसे करायची. पात्रे तीन प्रकारची : लढवय्या, जादू करणारा आणि पुरोहित. (जादू करणाऱ्याला 'मांत्रिक' म्हणावे तर आमच्याकडे लगेच लिंबू, बिब्बा डोळ्यांपुढे येतात. म्हणून मी 'मंत्रधारी' म्हणतो.) लढवय्याला चिलखत आणि कुठलेही शस्त्र चाले. मंत्रधारी मात्र चिलखत घालू शकत नसे आणि दोन फटक्यांत आडवा होई. पण मंत्र सुटला की पलटण गारद.

मंत्रांचा नियम गायगॅक्स यांनी जॅक व्हॅन्स या कादंबरीकाराकडून उचलला. मंत्र आधी पाठ करायचा आणि एकदा म्हटला की तो स्मरणातून पुसला जायचा. हे वाचताना मला कर्ण आठवला. ऐन वेळी ब्रह्मास्त्र आठवणार नाही, हा परशुरामाचा शाप त्याला होता. व्हॅन्सच्या जगात तो शाप सर्वांनाच रोजचा!

या पहिल्या नियमांत दोन्ही विद्या जमत फक्त एल्फ जमातीला. एल्फ म्हणजे टोल्किनच्या गोष्टींतून ओळखीचे झालेले दीर्घायुषी वनवासी लोक. त्यांनाही मर्यादा होतीच. एका साहसात एकच भूमिका घ्यायची. लढवय्या म्हणून चौथ्या आणि मंत्रधारी म्हणून आठव्या पातळीपुढे जायचे नाही. पुढे दोन्ही विद्या एकाच वेळी वापरता येऊ लागल्या. १९७८ च्या खेळाडूंच्या नियमपुस्तकात ही व्यवस्था पक्की झाली : एल्फांसारख्या जमातींना दोन्ही एकदम शिकता येतील, मिळालेले अनुभवगुण निम्मे-निम्मे वाटले जातील. माणसाला मात्र ती मुभा नाही. त्याने आधी एक विद्या शिकावी, ती सोडावी आणि दुसरी पहिलीपासून गिरवावी.

या दुसऱ्या वाटेचा आपल्याकडचा नमुना म्हणजे विश्वामित्र. वसिष्ठांच्या गायीवरून लढून हरलेला राजा शस्त्र बाजूला ठेवतो आणि तपाला बसतो. राजर्षी, ऋषी, महर्षी, ब्रह्मर्षी अशा पायऱ्या चढतो. पातळ्याच त्या! आणि पुढे यज्ञात राक्षस विघ्न आणतात तेव्हा इतकी अस्त्रे जाणणारा हा पूर्वीचा योद्धा दशरथाकडे राम मागायला येतो, कारण दीक्षा घेतलेली असताना त्याला कोप करता येत नाही. १९९८ च्या 'बाल्डर्स गेट' या खेळात नेमका असाच नियम आहे. विद्या बदललेल्या माणसाचे जुने कसब झोपी जाते आणि नव्या विद्येची पातळी जुनीच्या वर गेली की मगच जागे होते. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीच्या लोकांनी वाल्मीकी वाचला असेल असे मुळीच नाही. त्यांनी गायगॅक्सचा नियम थोडा कडक करून घेतला, एवढेच.

द्रोणांची गोष्ट वेगळी. त्यांनी काही सोडले नाही, दोन्ही एकदम चालवले. त्याबद्दल शेवटी रणांगणावर भीमाकडून ऐकूनही घेतले, की ब्राह्मणाने आपले काम सोडून हे कशाला करावे.

आता गणित सांगतो. मी भाषा शिकवणारा, पण हे गणित मला फार आवडले. 'बाल्डर्स गेट'मध्ये लढवय्याला दुसरी पातळी गाठायला २,००० अनुभवगुण लागतात, तिसरीला ४,०००, मग ८,०००, १६,०००, ३२,०००, ६४,०००. दर पायरीला दुप्पट. मंत्रधाऱ्याचे आकडे २,५००, ५,०००, १०,०००, २०,०००, ४०,०००, ६०,००० असे. मूळ खेळात जास्तीत जास्त ८९,००० गुण मिळतात. एकच विद्या घेणारा त्यांत सातव्या पातळीला पोचतो. दोन्ही घेणाऱ्याच्या वाट्याला प्रत्येकी ४४,५०० येतात, म्हणजे सहावा लढवय्या आणि सहावा मंत्रधारी! मेहनत निम्मी वाटली गेली, पण दोन्हीकडे मागे पडला एकेकच पायरी. वरच्या पायऱ्या दुप्पट महाग आणि खालच्या स्वस्त असल्यामुळे हे घडते.

किंमत नाही असे नाही. हुकलेली सातवी पायरी मोलाची असते : लढवय्याला तिथे दर दोन फेऱ्यांत तीन वार मिळू लागतात आणि मंत्रधाऱ्याला चौथ्या श्रेणीचे मंत्र. त्याहून मोठी किंमत सुरुवातीला द्यावी लागते. जीवनगुणही सरासरीने मिळतात, मंत्र एखादाच, आणि चिलखत चढवले तर तोही म्हणता येत नाही. बरोबरीचे साथी पुढे गेलेले असतात, हा मात्र दोन्हीकडे कच्चा. साधा लांडगासुद्धा भारी पडतो. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' म्हणणारे सगळे याच टप्प्यावर भेटतात.

२००० साली तिसऱ्या आवृत्तीने कुंपण काढून टाकले. माणूस असो की एल्फ, प्रत्येक नव्या पातळीला कुठलीही विद्या घ्यावी. मोठे स्वातंत्र्य आले, आणि त्याबरोबर गणित कठोर झाले. आता पातळ्यांची सरळ बेरीज. २०२३ मध्ये आलेल्या 'बाल्डर्स गेट ३'मध्ये एकूण पातळ्या बारा. सहा तलवारीला दिल्या तर मंत्राला सहाच उरल्या. पूर्ण मंत्रधारी सहाव्या श्रेणीच्या मंत्रांपर्यंत जातो आणि हा तिसऱ्या श्रेणीवर थांबतो. जुन्या काळी दार थोड्यांनाच उघडे होते, पण आत गेल्यावर सौदा फायद्याचा होता. आता दार सताड उघडे आणि माप काटेकोर. अर्थात मधल्या वाटाही निघाल्या आहेत. थोडे मंत्र जाणणारा लढवय्या हा एक वेगळा प्रकारच आहे. पण मला जुना सौदा आवडतो.

हे सगळे मला आमच्या नातीने शिकवले. ती नागपूरला अकरावीत आहे, विज्ञान शाखेत. कबड्डी चांगली खेळते. शिकवणी आणि सराव यांची वेळ एकच येते, म्हणून घरात कबड्डी सोडण्याचे बोलणे चालले आहे. उन्हाळ्यात दिघोरीला आली तेव्हा हा तक्ता तिने माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "आजोबा, सांगा, मी एल्फ की माणूस?"

मी तिच्या वडिलांची बाजू समजू शकतो. प्रवेश परीक्षेत एका गुणाने शेकडो मुले पुढे जातात. तिथली हुकलेली सातवी पायरी खेळातल्यासारखी स्वस्त नसते. पण मी स्वतः सारी नोकरी रोवणीच्या दिवसांत पहाटे बांधीत आणि अकराला वर्गात अशीच काढली. धान पिकले, मुलेही शिकली. हेडमास्तर झालो नाही आणि गावातला पहिल्या नंबरचा शेतकरीही नाही. हा हिशेब मी तिच्या वडिलांना सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि दिवाळीपर्यंत बघू म्हणाले.

परवा तिचा फोन आला. तिचे पात्र दोन्ही विद्यांत तिसऱ्या पातळीला पोचले. मंत्रधाऱ्याला तिसरीसाठी ५,००० लागतात, म्हणजे एकूण दहा हजार गुण झाले. लांडगे आता तिच्या वाटेला जात नाहीत म्हणे.