फेअरनेस डॉक्ट्रिन

अमेरिकेतील रेडिओ व दूरचित्रवाणी केंद्रांवर १९४९ ते १९८७ या काळात बंधनकारक असलेला समतोलाचा नियम. संघीय दूरसंचार आयोगाने तो घालून दिला. सार्वजनिक महत्त्वाच्या वादग्रस्त प्रश्नांना परवानाधारक केंद्राने पुरेसा वेळ द्यावा आणि त्यांवरील विरोधी मतांनाही वाव द्यावा, ही त्याची दोन अंगे. घड्याळ लावून सारखा वेळ देण्याची सक्ती त्यात नव्हती; उमेदवारांना समान संधी देणारे १९३४च्या दूरसंचार कायद्यातील ३१५वे कलम वेगळे.

प्रक्षेपणाच्या लहरी मोजक्या, मागणारे पुष्कळ. म्हणून ज्याला लहर मिळाली तो जनतेचा विश्वस्त, हा या नियमाचा पाया. त्याची कसोटी पेनसिल्व्हेनियातील रेड लायन या गावच्या रेडिओ केंद्रामुळे लागली. नोव्हेंबर १९६४ मध्ये धर्मोपदेशक बिली जेम्स हार्गिस यांनी पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमात पत्रकार फ्रेड कुक यांच्यावर टीका केली. कुक यांचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्यावरचे टीकात्मक पुस्तक नुकतेच आले होते. कुक यांनी उत्तरासाठी विनामूल्य वेळ मागितला. केंद्राने तो नाकारला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने आयोगाची बाजू उचलून धरली. प्रक्षेपकापेक्षा श्रोत्याचा हक्क श्रेष्ठ, असे न्यायालयाने म्हटले, आणि ते या निकालाचे खरे मोल आहे.

अशा नियमाची गरज का होती, हे दुसऱ्या एका प्रकरणात दिसते. मिसिसिपीतील जॅक्सनच्या डब्ल्यूएलबीटी या दूरचित्रवाणी केंद्राने कृष्णवर्णीय नागरिकांची बाजू वर्षानुवर्षे दडपली. एका चर्चसंस्थेच्या पुढाकाराने तक्रार झाली आणि १९६६ मध्ये अपील न्यायालयाने परवान्याच्या सुनावणीत प्रेक्षकांनाही बाजू मांडता येईल, असे ठरवले. पुढे केंद्राचा परवाना गेला.

तरीही दुसरी बाजू हलकी नाही. कोणते मत ‘विरोधी’ आणि किती वेळ ‘पुरेसा’ हे सरकार नेमलेल्या आयोगाने ठरवायचे, आणि परवान्याचे नूतनीकरणही त्याच्याच हाती. साहजिकच काही केंद्रे वादाच्या विषयाला हातच लावेनाशी झाली. उत्तराची अशीच सक्ती वृत्तपत्रांवर करणारा फ्लोरिडाचा कायदा तर सर्वोच्च न्यायालयानेच १९७४ मध्ये रद्द केला.

१९८७ मध्ये संसदेने हा नियम कायद्यात आणण्याचे विधेयक मंजूर केले. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नकाराधिकार वापरला आणि ऑगस्टमध्ये आयोगाने नियमाची अंमलबजावणी थांबवली. पुस्तकी तरतूद २०११ मध्ये काढण्यात आली.

भारतात ‘लहरी ही सार्वजनिक मालमत्ता’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात मांडले. त्या निकालाचे एक लेखक न्या. पी. बी. सावंत होते. सार्वजनिक मालमत्ता म्हणजे सरकारी मक्तेदारी नव्हे, हेही तेथे स्पष्ट केले आहे.

अमेरिकेत हा नियम परत आणण्याची मागणी अधूनमधून होते. पण केबल वाहिन्या व इंटरनेट यांना मोजक्या लहरींचा युक्तिवाद लागू पडत नाही. ३१५वे कलम मात्र आजही अमलात आहे.