बक्षिसासाठी वाचन

मुलांनी वाचावे म्हणून त्यांना काहीतरी द्यावे, ही कल्पना छापखान्याहूनही जुनी आहे. बाराव्या शतकातील ज्यू विचारवंत मायमोनिडीस याने एका लहान विद्यार्थ्याचे वर्णन केले आहे. धर्मग्रंथ का वाचायचा हे त्या मुलाला कळत नाही. म्हणून गुरुजी त्याला सांगतात, वाच, म्हणजे अक्रोड देईन, अंजीर देईन, थोडा मध देईन. मूल वाचते, पण खाऊसाठी. ते मोठे होते तशी अंजिराची गोडी संपते. मग चांगले जोडे आणि कपडे, पुढे नाणी, आणि शेवटी लोक मान देतील हे आमिष. मायमोनिडीसला हा सारा प्रकार हिणकस वाटत होता, तरी माणसाची समज अपुरी असल्याने तो टाळता येत नाही असे त्याचे मत होते. आमिष सतत वाढवावे लागते, हे त्याने अचूक टिपले. आमिषामुळे मुळातली आवड वाढते की कमी होते, हे मात्र प्रयोगाने तपासायला विसावे शतक उजाडावे लागले.

त्या शतकाच्या पूर्वार्धात मानसशास्त्रज्ञांचा एक मोठा गट असे मानत होता, की ज्या कृतीनंतर बक्षीस मिळते ती कृती प्राणी पुन्हा करतो. शिकण्याचे मर्म एवढेच. या चित्रात न बसणारी गोष्ट अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे हॅरी हार्लो यांच्या माकडांनी दाखवली. 1950 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात माकडांच्या पिंजऱ्यात कडी-कोयंड्याचे एक कोडे ठेवले होते. ते सोडवले तरी खायला काही मिळत नसे. माकडे ते दिवसेंदिवस सोडवत राहिली. नंतर त्यात खाऊ ठेवला, तेव्हा त्यांचे काम सुधारण्याऐवजी बिघडले!

ही बाब बरीच वर्षे तशीच पडून राहिली. 1971 साली एडवर्ड डेसी यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना 'सोमा' नावाच्या ठोकळ्यांची कोडी दिली. एका गटाला मधल्या बैठकीत प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर मिळाला, दुसऱ्याला काहीच नाही. खरी मोजणी वेगळ्याच वेळी होत असे. प्रयोगकर्ता काही निमित्ताने आठ मिनिटे खोलीबाहेर जाई. टेबलावर मासिके असत, ठोकळेही असत. विद्यार्थी कशाला हात लावतो, हे आरशाआडून पाहिले जाई. पैसे बंद झाल्यावर पहिल्या गटाचा या मोकळ्या वेळेतला ठोकळ्यांतला रस घटलेला दिसला. आवड मोजायची तर कोणी सांगत नसताना माणूस काय करतो ते पाहावे, ही युक्ती आम्हाला या प्रयोगाच्या निष्कर्षाइतकीच मोलाची वाटते.

शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयोग 1973 चा. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी तो स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातील बालवाडीत केला. स्केचपेनने चित्रे काढायला मुळातच आवडणारी 51 मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र चित्र काढून झाल्यावर अचानक दिले. उरलेल्यांना काही दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी स्केचपेन पुन्हा वर्गात ठेवले, या वेळी कोणत्याही वचनाशिवाय. काहीच न मिळालेल्या मुलांनी मोकळ्या वेळेपैकी सुमारे 17 टक्के वेळ चित्रांत घालवला, अचानक बक्षीस मिळालेल्यांनी 18 टक्के. कबूल केलेले बक्षीस मिळालेल्यांनी मात्र 9 टक्क्यांहूनही कमी.

प्रमाणपत्र दोन्ही गटांना तेच मिळाले होते. फरक होता तो आधी ठरलेल्या सौद्याचा. 'हे केलेस तर ते मिळेल' असे ऐकले की मूल मनाशी हिशेब करते: हे काम बक्षिसासाठी करायचे असते. मग बक्षीस संपले की कामही संपते.

येथे घाई करू नये. ती मुले आधीपासूनच चित्रवेडी होती. पुस्तकाला हातही न लावणाऱ्या मुलाबद्दल हा प्रयोग काही सांगत नाही. ज्याच्याकडे आवडच नाही, त्याची आवड बक्षिसाने कशी मरणार? पुढची भांडणे याच मुद्द्याभोवती झाली. 1994 साली कॅमेरॉन आणि पिअर्स यांनी अनेक प्रयोगांची एकत्र मोजदाद करून बक्षिसाचा धोका फुगवून सांगितला जातो असे म्हटले. 1999 साली डेसी आणि सहकाऱ्यांनी 128 प्रयोग तपासून, रंजक कामासाठी कबूल केलेले वस्तुरूप बक्षीस आवड घटवते, असे उत्तर दिले. अमेरिकेत 1980 च्या दशकात पिझ्झा हट कंपनीने वाचनाचे लक्ष्य गाठणाऱ्या मुलांना पिझ्झा द्यायची योजना सुरू केली. 1999 सालच्याच एका पाहणीत, लहानपणी असे पिझ्झे किंवा पैसे मिळालेल्या कॉलेज विद्यार्थ्यांच्या वाचनसवयींवर त्याचा बरा किंवा वाईट असा कोणताच ठसा दिसला नाही. अर्थात पाहणी आठवणींवर आधारलेली होती, आणि आठवणी म्हणजे आरशाआडून केलेली मोजणी नव्हे.

बक्षीस कोणते, याकडे फार थोड्यांनी लक्ष दिले. 2008 साली बार्बरा मॅरिनॅक आणि लिंडा गँब्रेल यांनी तिसरीच्या 75 मुलांना वाचायला दिले. मग काहींना बक्षीस म्हणून पुस्तक दिले, काहींना छोटी खेळणी वगैरे किरकोळ वस्तू, काहींना काहीच नाही. नंतरच्या मोकळ्या वेळेत वाचायचे की दुसरे काही खेळायचे, हे मुलांवर सोडले. खेळणी मिळालेली मुले वाचनाकडे कमी वळली. पुस्तक मिळालेली आणि काहीच न मिळालेली मुले वाचत बसली. आपल्या शाळांत वाचन स्पर्धेचे बक्षीस म्हणून कंपासपेटी किंवा स्टीलचा डबा दिला जातो, तेव्हा डबा निवडणाऱ्या समितीपुढे हा प्रयोग ठेवायला हरकत नाही. कोणते पुस्तक द्यायचे, हे मुलालाच कपाटातून निवडू द्यावे.